सोलापूरच्या बागेत वसंतात फुलणारे छोटे कंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात कंद लावणाऱ्यांकडून वर्षभर जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे इथल्या उन्हासाठी, इथल्या काळ्या मातीसाठी आणि इथल्या जड पाण्यासाठी लिहिली आहेत. महाबळेश्वरला किंवा नाशिकला ती जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरे तिच्यातूनच निघतात. प्रत्येक कंद वर्षातून काही काळ झोपतो. काही कंदांना थंडीत राहून मगच जाग येते, तर काही कोरड्या मातीत झोपतात आणि पाणी मिळाले की उठतात. थंडी आपल्याकडे औषधालाही नाही, कोरडेपणा मात्र हवा तेवढा आहे. म्हणून कंद निवडताना फोटो शेवटी पाहा. तो कंद कशाने झोपतो आणि कशाने उठतो, हे आधी विचारा.

क्रोकस, मस्कारी, स्नोड्रॉप सोलापुरात जमिनीत लावले तर येतील का?

नाही. पाने कदाचित दिसतील, फुले दिसणार नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी कंदही सापडणार नाही.

हे कंद मूळचे युरोप, तुर्कस्तान, इराण या बाजूच्या डोंगराळ भागांतले. तिथे हिवाळाभर जमीन गारठलेली असते. क्रोकस, ट्यूलिप यांची कळी कंदाच्या आत आधीच तयार होते, पण दांडा वर यायचा तर साधारण १० ते १५ आठवडे २ ते ९ अंश सेल्सिअसची सलग थंडी लागते. त्या थंडीत कंदात साठलेल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि दांडा लांब होण्याची तयारी होते. आपल्याकडे जानेवारीत, अगदी गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही, किमान तापमान सरासरी १५-१६ अंशांच्या आसपास असते. एखादी रात्र दहा-अकरावर उतरली तरी दुपारी पारा पुन्हा तिशीला टेकतो. म्हणजे कंद जिथे असतो तिथली माती कधी थंड होतच नाही.

मार्चअखेरीस श्रीनगरच्या ट्यूलिप बागेचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरू लागतात आणि त्याच आठवड्यात हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. ती बाग झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराजवळ आहे. २००७ साली ती लोकांसाठी खुली झाली. तिथे शरदात लागवड होते आणि त्यानंतर कंदांना काश्मीरचा अख्खा हिवाळा मिळतो. आपण तो कुठून आणणार?

मग फ्रिजमध्ये ठेवून जमेल का?

जमते, पण एका वर्षापुरते. हौस असेल तर मस्कारीपासून सुरुवात करा. त्याचे कंद लहान, सोशिक आणि ट्यूलिपपेक्षा कमी लहरी असतात.

ऑक्टोबरमध्ये कंद हाती आले की कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको. पिशवीला चार-दोन भोके पाडा, नाहीतर आत ओल धरून बुरशी येते. मुख्य पथ्य फळांचे आहे. सफरचंद, केळी, पेरू अशी पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात आणि त्या वायूने कंदातली कळी आतल्या आत करपते. बाहेरून कंद टणटणीत दिसतो, लावल्यावर पाने येतात, फूल मात्र येत नाही. ज्यांच्या घरी फ्रिज एकच आहे त्यांनी एवढे दिवस फळे बाहेर ठेवावीत किंवा हा नाद सोडावा.

दहा-बारा आठवड्यांनी, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, कंद कुंडीत लावा. कुंडी पूर्वेच्या बाजूला ठेवा, दहानंतर ऊन नको. दोन-तीन आठवड्यांत निळे घोस दिसू लागतील. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन चढले की खेळ संपतो. फुले झाल्यावर तो कंद पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून उपयोग होत नाही. आपल्या उन्हात पानांना पुढच्या वर्षाचा साठा करायला वेळच मिळालेला नसतो.

थंडी न देता फुलणारा एक नर्गिस आहे, पांढऱ्या बारीक फुलांच्या गुच्छाचा. बाजारात तो ‘पेपरव्हाइट’ नावाने मिळतो. नोव्हेंबरात लावला तर पाच-सहा आठवड्यांत, संक्रांतीच्या आत फुलतो. वास उग्र असतो, काहींना सोसत नाही. दांडे लांबून आडवे पडतात, म्हणून काडीचा आधार द्या. तोही इथे सहसा दुसऱ्यांदा फुलत नाही.

सोलापुरात वसंतात खात्रीने फुलणारे कंद कोणते?

आपला वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि सोलापूरचा चैत्र-वैशाख म्हणजे चाळिशीचा पारा. त्यात फुलणारे तीन कंद मी डोळे मिटून सांगते.

पहिली अमरिलिस. नर्सरीत हिला नुसते ‘लिली’ही म्हणतात. मोठी, भोंग्याच्या आकाराची लाल, केशरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले मार्च-एप्रिलात येतात. कंद छोटा नाही हे मान्य, पण वसंताची यादी तिच्याशिवाय पुरी होत नाही. जुन्या वाड्यांच्या परसात दिसते ती केशरी-लाल जात सर्वांत काटक. नवे दुहेरी पाकळ्यांचे वाण त्यामानाने नाजूक.

दुसरी फुटबॉल लिली. मूळची आफ्रिकेची, पण इतकी रुळली आहे की आजीच्या बागेतली वाटते. एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये, आजूबाजूला सगळे करपलेले असताना, मातीतून एक जाड कोंब वर येतो. त्याच्या बुडाशी तांबूस ठिपके असतात. चार-पाच दिवसांत दांडा उभा राहतो आणि त्यावर शंभर-दीडशे बारीक लाल फुलांचा चेंडू उमलतो. पाने मागून येतात. एका कंदाला वर्षाला एकच चेंडू, आठवडाभर टिकणारा. एवढ्यासाठी वर्षभर कुंडी अडवून ठेवायची का, असे काहीजण विचारतात. माझे उत्तर हो आहे. मेमध्ये सोलापुरात दुसरे काय फुलते सांगा.

तिसरी रेन लिली, आणि खऱ्या अर्थाने छोटा कंद हाच. बोराएवढा, फार तर मोठ्या सुपारीएवढा. हिच्या चार जाती आपल्याकडे सहज मिळतात. मोठी गुलाबी वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर वैशाखातच फुलते. छोटी गुलाबी आणि पिवळी मृगापासून पुढे फुलत राहतात. पांढरीची पाने दोऱ्यासारखी बारीक आणि बारमाही हिरवी असतात, पण तिचा बहर श्रावण-भाद्रपदातला आहे. वसंतासाठी म्हणून पांढरी विकत घेऊ नका. सप्टेंबरात, आपल्याकडे खरा पाऊस पडतो तेव्हा, ती वाफा भरून टाकते.

रेन लिलीला रोज पाणी घालतो, तरी फुले येत नाहीत. शेजारच्यांच्या दुर्लक्षित कुंडीत मात्र आली. असे का?

रोज पाणी घालता म्हणूनच. रेन लिलीला आधी ताण लागतो. माती तीन-चार आठवडे सुकली पाहिजे, मग एकदम भरपूर पाणी मिळाले पाहिजे. वळवाच्या पावसात हेच घडते. महिनाभराचा कोरडेपणा, मग तासाभरात माती तळापर्यंत चिंब आणि हवा एकदम उतरलेली. चौथ्या-पाचव्या दिवशी कळ्या वर येतात. फूल एक-दोन दिवसच टिकते, पण कंदांची गर्दी असेल तर पाठोपाठ आठवडाभर फुले चालू राहतात.

हे घरीही करता येते. मार्चमध्ये कुंडीचे पाणी बंद करा. पाने पिवळी पडून निजली तरी घाबरू नका. तीन-चार आठवड्यांनी एका संध्याकाळी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग काढून सावलीत निथळू द्या. पावसाइतका बहर येत नाही, पण फुले येतात. पुन्हा बहर हवा असेल तर पुन्हा ताण द्या.

कंद कधी लावायचे?

रेन लिली मे-जूनमध्ये, मृगाच्या आधी पंधरा दिवस. अमरिलिस आणि फुटबॉल लिली झोपेत असताना, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. भर पावसाळ्यात वाढीला लागलेला कंद उपटून दुसरीकडे लावला तर तो एक वर्ष रुसतो.

आमच्याकडे शुद्ध काळी माती आहे. चालेल?

थेट नाही. काळी माती कापसाला, ज्वारीला सोन्यासारखी, कंदाला मात्र तिचे दोन स्वभाव घातक आहेत. ओली झाली की ती फुगते आणि पाणी धरून ठेवते. आपला जास्तीचा पाऊस सप्टेंबरात लागोपाठ पडतो, तेव्हा कंद आठ-आठ दिवस चिखलात राहून सडतो. आणि उन्हाळ्यात हीच माती आकसते, मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मुळे ताणून तुटतात.

आधी जागा तपासा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी दोन-तीन तासांत गेले तर जागा बरी. संध्याकाळपर्यंत तसेच राहिले तर तिथे गादीवाफाच करा. वीतभर उंच, कडेला विटा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे. भरताना तांबडी पोयट्याची माती दोन भाग, जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा एक भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग आणि ओंजळभर निंबोळी पेंड. काळी माती फेकून द्यायची गरज नाही, तिचा पाचवा भाग मिसळला तर ओल टिकायला मदतच होते.

घराखाली मुरूम लागत असेल तर तुमचे नशीब चांगले. मुरमात शेणखत मिसळले की रेन लिली आनंदाने राहते.

किती खोल आणि किती अंतरावर?

रेन लिली दोन बोटे खोल, चार बोटे अंतर. अमरिलिसची मान आणि वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर. फुटबॉल लिलीचे फक्त टोक मातीच्या पातळीला. रेन लिली दाटीत जास्त चांगली फुलते, आठ इंची कुंडीत दहा-बारा कंद खुशाल लावा.

बोअरच्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर येतो आणि पाने पिवळी पडतात. काय करू?

तो थर क्षारांचा आहे. सोलापुरात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि माती मुळातच अल्कधर्मी. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, म्हणून नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवा. साठवलेले पावसाचे पाणी महिन्यातून एकदा कुंडीत भरपूर ओता, इतके की खालच्या भोकातून धार लागेल. साठलेले क्षार धुऊन जातात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी चालते, त्यात क्षार जवळपास नसतात. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी मात्र घालू नका. त्यातले पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहून दाट होतात, म्हणजे ते बोअरपेक्षाही वाईट. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचेही तेच. त्याने फरशी पुसा.

पिवळेपणा जास्तच असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही झाडाला घेता येईल अशा रूपातले लोह, पाकिटावरच्या मात्रेत द्या. आणि चुलीची राख घालू नका. राख कंदांना चांगली असे खूप ठिकाणी सांगितले जाते. ते आम्लधर्मी मातीसाठी, म्हणजे कोकणासाठी ठीक आहे. आपल्या मातीत राख म्हणजे दुखण्यावर दुखणे.

नळाला रोज पाणी येत नाही. कंद जगतील?

बाकी झाडांपेक्षा कंदच जगतील. वाढीच्या काळात आठवड्यातून दोनदा, झोपेच्या काळात जवळपास नाहीच. ज्यांच्या घरी पाण्याची ओढ आहे त्यांनी तर कंदांचीच बाग करावी असे मला मनापासून वाटते. गुलाबाच्या मागे लागून उन्हाळाभर टँकरची वाट पाहण्यापेक्षा हे किती तरी बरे.

वाफ्यावर उसाचे पाचट किंवा कडब्याची कुट्टी दोन बोटे पसरा, ओल दुप्पट टिकते. एवढेच की आपल्याकडे वाळवी फार. पाचटाखाली निंबोळी पेंड भुरभुरा आणि पंधरा दिवसांनी एकदा पाचट उचलून पाहा.

फुटबॉल लिली मेली बहुतेक. डिसेंबरपासून कुंडीत काहीच नाही.

मेलेली नाही, झोपली आहे. कुंडी सावलीत सरकवा, पाणी बंद करा, त्यावर खडूने नाव लिहून ठेवा. नाव लिहायचे कारण असे की फेब्रुवारीत घरातले कोणीतरी ‘रिकामी’ कुंडी म्हणून त्यात मिरची लावते आणि रोजच्या पाण्याने कंद कुजतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबा. वळीव झाला किंवा तुम्ही एकदा भरपूर पाणी दिले की कोंब दिसेल. उकरून पाहायचा मोह आवरा, कोवळा कोंब मोडला की त्या वर्षीचे फूल गेले.

अमरिलिसला चार वर्षे नुसती पाने येताहेत.

चार गोष्टी क्रमाने तपासा. कंद पूर्ण मातीत गाडला आहे का? वरची माती काढा. सावलीत आहे का? सकाळचे चार तास ऊन मिळेल अशा जागी आणा, दुपारचे नको. कंद लिंबाएवढाच आहे का? मग अजून लहान आहे, मोसंबीएवढा झाला की फुलेल. आणि हिवाळ्यात तुम्ही पाणी चालू ठेवता का?

सगळ्यात जास्त घोटाळा या शेवटच्यात होतो. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी तोडा. पाने आपोआप वाळू द्या. आठ-दहा आठवडे कुंडी कोरडी ठेवा आणि फेब्रुवारीत पुन्हा पाणी सुरू करा. मानेतून जे पहिले टोक वर येईल ते निरखा. सपाट, पातळ, जिभेसारखे असेल तर पान. जाड, फुगीर आणि टोकाशी किंचित बाकदार असेल तर दांडा.

आणखी एक. अमरिलिसमध्ये साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा कंदात तयार होतो. गेल्या पावसाळ्यात तिला तीनच पाने होती तर या वर्षी दांड्याची आशा धरू नका. पावसाळ्यात पाने किती येतात यावर पुढचा वसंत ठरतो. म्हणून खत द्यायचे ते जून ते ऑगस्टमध्ये. फुले आली की खत घालण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, त्याचा फारसा उपयोग नाही.

फुले झाल्यावर पाने वाईट दिसतात. कापू? वेणी घालू?

दोन्ही नको. हिरवे पान म्हणजे कंदाचे स्वयंपाकघर, ते स्वतःहून वाळेपर्यंत राहू द्या. दांडा तेवढा बुडापासून कापा, बी नको असेल तर.

कंद काढून साठवायचे असतील तर कसे?

सोलापूरकराला हे शिकवायची गरज नसावी. देशातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी एक आपल्या मार्केट यार्डात भरतो आणि जिल्ह्यात घरोघरी कांदा टिकवणारी माणसे आहेत. अमरिलिस आणि निशिगंधाच्या गड्ड्यांना तोच न्याय लावा. पात वाळल्यावर काढा, धुऊ नका, माती झटका, आठ दिवस सावलीत हवेशीर पसरा, मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून टांगा. प्लॅस्टिक नको. पंधरा दिवसांनी हात फिरवा आणि मऊ लागेल तो कंद लगेच बाजूला काढा.

रेन लिली या नियमाला अपवाद आहे. तिचे कंद इतके छोटे असतात की उघड्यावर महिन्याभरात सुकून जातात. तिला कुंडीतल्या कोरड्या मातीतच झोपू द्या.

काळ्या ठिपकेदार अळ्या एका रात्रीत पाने फस्त करतात. उपाय?

ही लिलीवरची अळी. काळी कुळकुळीत, अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके. सुरुवातीला झुंडीने एकाच पानावर असते आणि पानाचा हिरवा भाग खरवडते, पान पारदर्शक पापुद्र्यासारखे दिसते. त्या दिवशी लक्षात आले तर अख्खे पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, काम संपले. दोन दिवस उशीर झाला तर अळ्या विखुरतात आणि मानेतून खाली कंदापर्यंत उतरतात.

पावसाळ्यात संध्याकाळी बॅटरी घेऊन पाने उलटून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि पक्का उपाय. जोडीला आठवड्यातून एकदा ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोष करते, म्हणून प्रादुर्भाव संपल्यावर कंदांना धक्का न लावता वरची बोटभर माती खुरप्याने हलवा आणि उन्हात तापू द्या. अमरिलिसच्या पानांवर लाल ओरखडे आणि चट्टे दिसले तर ती अळी नव्हे, बुरशी आहे. तशी पाने कापून जाळा आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला.

रेन लिलीत लव्हाळा माजला आहे. दोन्ही सारखेच दिसतात.

पान बोटांत धरून पाहा. रेन लिलीचे पान मऊ, गुळगुळीत आणि मांसल असते. लव्हाळ्याच्या पानाच्या पाठीवर मधली शीर उठून लागते, त्याच्या तुऱ्याची काडी तिकोनी असते. ओढला की वरचा भाग हातात येतो आणि काळी गाठ खालीच राहते, तिथून चार नवे फुटतात. म्हणून ओढू नका. वाफा फार माजला असेल तर एप्रिलमध्ये, ताणाच्या काळात, रेन लिलीचे सगळे कंद काढा, माती चाळणीने चाळून गाठी वेचा, लगेच कंद परत लावा. कष्टाचे काम आहे, पण दुसरी वाट नाही.

पानांची भाजी करता येते का? मुलाने किंवा कुत्र्याने चावून खाल्ले तर?

खायचे नाही, एक पातही नाही. रेन लिली, अमरिलिस, फुटबॉल लिली आणि नर्गिस हे सगळे एकाच कुळातले आणि विषारी. त्यांतल्या लायकोरिन नावाच्या विषाने मळमळ, लाळ गळणे, उलट्या, जुलाब होतात. कंदात विष सर्वांत जास्त. पांढऱ्या रेन लिलीची पात कांद्या-लसणाच्या पातीसारखी दिसते, त्यामुळे या कंदांचा वाफा परसातल्या कांदा-लसणाच्या शेजारी कधीही करू नका, आणि साठवलेले कंद स्वयंपाकघरात टांगू नका. कोणी खाल्लेच तर घरगुती उपाय करत बसू नका, उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. कुत्र्या-मांजराला पशुवैद्यांकडे.

निशिगंध यात का नाही?

तो वसंतात लावायचा, वसंतात फुलणारा नाही. गुलछडी म्हणा किंवा निशिगंध, एप्रिल-मेमध्ये गड्डे लावले की साधारण तीन महिन्यांनी दांडे येतात. सोलापूरच्या हवेला तो उत्तम मानवतो. घरच्यासाठी ‘शृंगार’ किंवा ‘प्रज्वल’ हे एकेरी पाकळ्यांचे वाण घ्या, वास चांगला आणि काटक.

केशराचे कंद मिळतात. लावू?

केशर हा क्रोकसच, पण तो शरदात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतो. काश्मीरमधल्या पांपोरची हवा त्याला लागते. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुले लागतात. वातानुकूलित खोलीत केशर घेणारे आहेत, पण तो स्वतंत्र व्यवसाय झाला. बागेत लावायला घेऊ नका.

आपल्या माळावरचा एखादा कंद वसंतात फुलतो का?

फुलतो, आणि या प्रश्नाची मला सर्वांत जास्त ओढ आहे. रानकांदा, ज्याला कोलकांदाही म्हणतात. दख्खनच्या माळरानावर मार्च ते मेमध्ये, गवत पार वाळलेले असताना, याचा पानांविना एकटा दांडा उभा राहतो. फुले मातकट, तपकिरी-हिरवट, खाली झुकलेली आणि संध्याकाळ कलल्यावर उमलणारी. दुपारी जवळून गेलात तर वाळकी काडी समजून पुढे जाल. पाऊस पडल्यावर पाने येतात, तेव्हा दांड्याचा मागमूस नसतो. कोरडेपणावर जगणारा वसंतकंद कसा असतो ते पाहायचे तर हा पाहा.

घरी आणायला मात्र खणू नका. अभयारण्यातून कोणतीही वनस्पती काढणे कायद्याने गुन्हा आहे, आणि नान्नजसारखी गवताळ राने आधीच आकसत चालली आहेत. शेताच्या बांधावर उगवला असेल आणि बांध फोडलाच जाणार असेल, तर शेतमालकाला विचारून तो कंद वाचवा, मुरमाच्या कुंडीत लावा. हृदयावर परिणाम करणारे विष त्यात असते, औषधी म्हणून ऐकले असेल तरी घरी काहीही प्रयोग नको.

बियांपासून रेन लिली होते का?

होते, विशेषतः पिवळी. फूल गेल्यावर तीन कप्प्यांचे बोंड फुगते आणि आठवडा-दोन आठवड्यांत तडकते. आत कागदासारखे पातळ काळे बी असते. ताजे असतानाच पेरा, वरून माती नुसती भुरभुरा. दीड-दोन वर्षांत फूल येते. मोठी गुलाबी सहसा बी धरत नाही, तिचे पिल्लेकंद वेगळे करा.

गच्चीवर कुंड्या ठेवल्या तर?

फेब्रुवारीपर्यंत ठीक. मार्चपासून स्लॅब इतका तापतो की कुंडीचे तळ भाजून निघते. कुंड्या विटांवर उचला, एकमेकींना खेटून ठेवा, पश्चिमेला हिरवी नेट बांधा. प्लॅस्टिकच्या काळ्या कुंडीपेक्षा कुंभाराची मातीची कुंडी दसपट चांगली. पत्र्याच्या शेडखाली कंद ठेवू नका, तिथली दुपार उघड्या उन्हापेक्षा वाईट.

विकत घेताना काय पाहायचे?

कंद हातात घेऊन दाबा. टणक आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. बुडाची मुळांची चकती शाबूत हवी, ती कुजली असेल तर वरून कितीही देखणा असला तरी सोडून द्या. सालीखाली निळसर बुरशी किंवा मानेत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तरी नको. निळ्या अमरिलिसचे, सप्तरंगी रेन लिलीचे फोटो दाखवून विकले जाणारे कंद घेऊ नका, तसले रंग त्या फुलांना नसतात. ट्यूलिपचे ‘बी’ पाकिटात मिळते, तेही सोडा. बियांपासून ट्यूलिपला फुलायला थंड देशांतही चार ते सात वर्षे लागतात.

आणि शक्यतो विकत घेण्याआधी गल्लीत विचारा. जिथे रेन लिली तीन वर्षांपूर्वी लावली असेल तिथे आज कुंडी फुटेस्तोवर कंद झालेले असतात, आणि ते इथल्या मातीला, इथल्या पाण्याला सरावलेले असतात. मेअखेरीस मूठभर मागून आणा आणि त्याच संध्याकाळी लावून टाका.